मेलसाठी १९०९ कुठे आहे? स्पॅमचा कायदा छोट्या धंद्यालाच जास्त हवा

"दादा, उद्यमचं रिन्यूअल भरून टाकलं. आता बँकेत काही अडचण येणार नाही ना?"

दुकानात पाऊच घ्यायला आलेल्या एका ताईंनी हे विचारलं आणि माझ्या हातातला रोल हातातच राहिला. दोंडाईच्यात माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे, त्यामुळे पापड, कुरडया, मसाला, चटणी करणारी माणसं रोज येतात. या ताई त्यातल्याच. घरचा मिरची-मसाला, दोन बाया हाताखाली, आठवड्याला शहादा आणि नंदुरबारला माल. उद्यम नोंदणी त्यांनी माझ्याच क्लासमध्ये बसून केली होती.

मी म्हटलं, "ताई, उद्यमला रिन्यूअल नसतंच. कुठे भरले पैसे?"

त्यांनी मोबाईल पुढे केला. मेल इंग्रजीत होता. वर अशोकस्तंभासारखं चित्र, खाली लाल अक्षरात शेवटची तारीख, त्याखाली पैसे भरायचं बटण. दोन हजार नऊशे नव्याण्णव रुपये. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्णपणे मोफत आहे आणि एकदा केली की तिचं नूतनीकरण लागत नाही, हे मी क्लासमध्ये सांगितलं होतं. पण त्याला सहा महिने झाले होते. मेलमध्ये त्यांचं नाव बरोबर होतं, धंद्याचं नाव बरोबर होतं. माणूस विश्वास ठेवणारच.

१९३० वर तक्रार केली. पैसे परत आले नाहीत. तीन हजार रुपये म्हणजे त्या ताईंच्या महिन्याभराच्या पाऊचचा खर्च. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे आता त्या कुठलाच मेल उघडत नाहीत. खरा ग्राहक ऑर्डर पाठवेल तोसुद्धा नाही.

म्हणून आज मार्केटिंगची टीप नाही. आज माझं एक मत मांडतो. न मागता येणाऱ्या धंद्याच्या मेलवर आपल्या देशात स्पष्ट कायदा पाहिजे, आणि ही मागणी आपण छोट्या धंदेवाल्यांनी केली पाहिजे. राज्य सरकारने त्यात काय करावं आणि काय करू नये, हेही सांगतो.

आधी माझी स्वतःची चूक

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपलं सांगतो. दुकान सुरू केलं त्या वर्षी मी पंधराशे रुपयांना एक यादी विकत घेतली होती. "उत्तर महाराष्ट्रातील व्यापारी, दहा हजार ईमेल." बीबीएला मार्केटिंग शिकलो होतो, डोक्यात एकच गणित: दहा हजारांतले एक टक्का आले तरी शंभर ग्राहक!

साध्या जीमेलवरून दिवसाला पाचशेच माणसांना पाठवता येतं, म्हणून रोज पाचशे असे पाठवत गेलो. निम्मे पत्ते बंदच होते. चौथ्या दिवशी माझं खातंच अडकलं. मेल जाईना, आणि ज्या सप्लायरला खरोखर ऑर्डर द्यायची होती त्यालाही जाईना. ग्राहक किती आले? एकही नाही. एका ओळखीच्या किराणावाल्याचा फोन मात्र आला. "भाऊ, माले काब येस हाई?" मला हे का येतंय, एवढंच त्याचं म्हणणं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि पुढे कळस म्हणजे, सुरुवातीच्या एका व्हिडिओत मीच "डेटाबेस घ्या आणि मेल टाका" असं शिकवलं होतं. तो व्हिडिओ मी आता काढला आहे. ज्यांनी तो बघून पैसे घालवले त्यांची माफी मागतो.

हे सांगायचं कारण असं की स्पॅम पाठवणारा म्हणजे दूर कुठेतरी अंधारात बसलेला चोरच असतो, असं नाही. बऱ्याचदा तो माझ्यासारखा नवखा धंदेवाला असतो. त्याला कोणीतरी यादी विकलेली असते. म्हणून कायदा कसा असावा हे ठरवताना दोन्ही माणसं डोळ्यांपुढे ठेवावी लागतात: तीन हजार गमावलेल्या ताई, आणि पंधराशेची यादी घेतलेला मी.

फोनला कायदा आहे, एसएमएसला आहे. मेलला?

फोन आणि एसएमएसचं बघा. ट्रायने २००७ मध्ये पहिला नियम केला, 'डू नॉट कॉल' यादी सुरू झाली. २०१० मध्ये तो बदलला. २०१८ मध्ये नवा नियम आला, आणि धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्याला आधी नोंदणी करावी लागायला लागली. पाठवणाऱ्याचं नाव नोंदवा, मेसेजचा नमुनाही नोंदवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यात आणखी सुधारणा झाली. आता नको असलेल्या कॉलची तक्रार सात दिवसांपर्यंत करता येते, आधी तीनच दिवस होते. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी पाठवणाऱ्यावर कारवाई सुरू होते. एसएमएसच्या नावाच्या शेवटी पी, एस, टी, जी अशी अक्षरं दिसतात ती त्याचीच. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. तक्रारीला एकच नंबर, १९०९.

हे सगळं परिपूर्ण आहे का? नाही. तुम्हाला आजही कर्जाचे फोन येतात, मलाही येतात. पण निदान तक्रार करायला दार आहे.

आता मेलचं बघा. ट्रायचा हा नियम फक्त फोन कॉल आणि एसएमएसला लागू आहे. मेलला नाही. मेलसाठी १९०९ नाही.

मग आयटी कायदा? सन २००० च्या त्या कायद्यात फसवणुकीची कलमं आहेत. दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं तर कलम ६६ डी लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ताईंच्या बाबतीत तेच लागतं. पण खरा माल विकणारा, खरं नाव सांगणारा आणि तरीही तुम्ही नको म्हटल्यावर रोज चार मेल टाकणारा जो आहे, त्याला थांबवणारं कलम तिथे सापडत नाही.

मग नवा डेटा कायदा? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा चांगला आहे. तुमची माहिती वापरायची तर तुमची स्पष्ट संमती पाहिजे, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं पाहिजे, असं तो सांगतो. दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे.

पण मित्रांनो, इथे आपल्यासाठी एक भोक आहे, ते नीट समजून घ्या. माणसाने स्वतःच जाहीर केलेली माहिती या कायद्याच्या बाहेर आहे. आता छोटा धंदेवाला काय करतो? दुकानाच्या पाटीवर, व्हिजिटिंग कार्डवर, फेसबुक पेजवर, गुगल मॅपवर आपला मेल आणि मोबाईल स्वतःच टाकतो. टाकावाच लागतो, नाहीतर ग्राहक येणार कसा? शिवाय हा कायदा 'व्यक्तीच्या' माहितीचा आहे. फर्मच्या नावाचा मेल असेल तर तो वैयक्तिक माहिती आहे की नाही, इथूनच वाद सुरू होईल. म्हणजे नोकरदाराला जे संरक्षण मिळेल ते आपल्याला मिळेलच असं नाही. ज्याने पत्ता उघड ठेवला त्याच्याच दारात कचरा टाकायची मुभा, असा याचा अर्थ होतो.

एक कलम होतं, पण ते भलत्यालाच लागलं

आपल्याकडे स्पॅमला लागू शकेल असं कलम कधी नव्हतंच, असं नाही. आयटी कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६ ए आलं, २००९ पासून लागू झालं. त्रास देण्यासाठी किंवा पाठवणारा कोण याबद्दल फसवण्यासाठी मेल पाठवला तर शिक्षा, असं त्यात होतं. वाचायला छान. पण 'त्रास' म्हणजे काय, हे त्यात कुठेच बांधलेलं नव्हतं. आणि ते फक्त धंद्याच्या मेलपुरतंही नव्हतं.

पुढे काय झालं ते आपल्याच राज्यात झालं. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्याबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन तरुण मुलींना अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाईक केलं होतं. श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. नागरिकांच्या दृष्टीने योग्यच झालं. पण त्यासोबत मेलबद्दल जो थोडाफार धाक होता तोही गेला, आणि त्या जागी नीट बांधलेलं दुसरं काही आलं नाही.

गंमत बघा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातही हेच झालं. तिथे राज्याचा स्पॅमविरोधी फौजदारी कायदा होता. २००४ मध्ये जेरेमी जेन्स नावाच्या मोठ्या स्पॅमरला त्याखाली दोषी ठरवलं, नऊ वर्षांची शिक्षा झाली. २००८ मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. कारण? नाव लपवून पाठवलेला कुठलाही ढीगभर मेल त्यात गुन्हा ठरत होता, मग तो जाहिरातीचा असो की राजकीय किंवा धार्मिक मताचा. कायदा सैल लिहिला म्हणून खरा स्पॅमर त्या खटल्यातून सुटला.

पालघर आणि व्हर्जिनिया, दोन्हींचा धडा एकच. कायदा फक्त धंद्याच्या मेलचा असावा. कोणाच्या मताचा, टीकेचा, आंदोलनाच्या पत्रकाचा त्याच्याशी संबंध नसावा. उद्या नगरपालिकेच्या कारभारावर कोणी शंभर जणांना मेल केला, तर त्याला 'स्पॅम' म्हणून पकडता येईल असा कायदा मला नको आहे. तसा आला तर मी त्याच्या विरोधात बोलेन.

मग महाराष्ट्राने स्वतःचा कायदा करावा का?

अनेकांना वाटतं, दिल्लीची वाट कशाला बघायची, राज्याने करून टाकावा. मलाही आधी तसंच वाटायचं.

आणि राज्यांनी हे केल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेत नेवाडा राज्याने १९९७ मध्येच सुरुवात केली. वॉशिंग्टन राज्याने १९९८ मध्ये कायदा केला: पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा नको, विषयाची ओळ फसवी नको. त्याखाली शेजारच्या ओरेगॉन राज्यातल्या जेसन हेकल या माणसावर खटला झाला. तो इंटरनेटवरून पैसे कसे कमवायचे याची एक पुस्तिका विकायचा. आठवड्याला एक लाख ते दहा लाख मेल टाकायचा. विक्री किती? महिन्याला तीस ते पन्नास पुस्तिका! आपल्या पद्धतीने गणित करा. सगळ्यात कमी मेल आणि सगळ्यात जास्त विक्री धरली, तरी आठ हजार मेलला एक ग्राहक. एका ग्राहकासाठी सात हजार नऊशे नव्व्याण्णव माणसांचा वेळ खायचा. २००१ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा योग्य ठरवला.

पण पुढचं ऐका. एकेक राज्य आपापला कायदा करत गेलं. कॅलिफोर्नियाने तर २००३ मध्ये सगळ्यात कडक कायदा केला, आधी परवानगी घ्या आणि मगच मेल पाठवा. तो १ जानेवारी २००४ पासून लागू होणार होता. त्याच दिवशी केंद्राचा 'कॅन-स्पॅम' कायदा लागू झाला, आणि फसवणुकीचा भाग सोडून राज्यांच्या मेलबद्दलच्या नियमांवर त्याने पाणी फिरवलं. केंद्राचा नियम मवाळ होता: परवानगी नको, फक्त खरं नाव-पत्ता द्या, फसवी विषय-ओळ नको, आणि नको म्हटल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत थांबा.

आपल्याकडे तर राज्याची वाट याहून अवघड आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत टपाल, तार, टेलिफोन आणि तशा प्रकारची संपर्काची साधनं केंद्राच्या यादीत आहेत, नोंद ३१. राज्याने थेट "मेल कसा पाठवावा" असा कायदा केला की पहिल्याच दिवशी कोणीतरी कोर्टात जाणार.

कोर्टात गेल्यावर काय होतं हे आपल्याला एमपीआयडी कायद्याने दाखवलंय. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने तो १९९९ मध्ये केला. पतसंस्था बुडाल्या तेव्हा खान्देशात हा शब्द घरोघरी पोहोचला. पण हा विषय राज्याचा की केंद्राचा यावर वाद झाला. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला, पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. शेवट चांगला झाला, पण मधल्या काळात टांगती तलवार ठेवीदाराच्याच डोक्यावर होती.

शिवाय धंद्याचा विचार करा. दोंडाईचा स्टेशनवरून गाडीत बसलं की काही वेळात गुजरात लागतं. माझा निम्मा माल सुरतहून येतो. आपल्या भागातली मिरची मध्य प्रदेशात जाते. मेलला तर सीमाच नाही. मी एकाच मेलसाठी महाराष्ट्राचा नियम वेगळा, गुजरातचा वेगळा, मध्य प्रदेशचा वेगळा पाळत बसू? मोठी कंपनी त्यासाठी वकील ठेवेल. आपण काय ठेवणार?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मेल पाठवण्याचा नियम देशभर एकच असावा आणि तो संसदेने करावा. तसा रस्ताही थोडा तयार आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम २८ मध्ये जाहिरातीच्या संदेशांसाठी आधी संमती घेण्याचे नियम करण्याचा अधिकार केंद्राला आहे. मेल त्यात येतो की नाही, हे साध्या शब्दांत लिहून टाकावं. येत नसेल तर वेगळा छोटा कायदा करावा.

राज्याने हात झटकू नयेत

याचा अर्थ मुंबईत बसलेल्यांचं काही काम नाही, असं अजिबात नाही. तीन कामं राज्याच्याच हातात आहेत.

पहिलं, पोलीस. पोलीस हा राज्याचा विषय आहे. आयटी कायद्याच्या गुन्ह्याचा तपास किमान पोलीस निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, असं कलम ७८ सांगतं. म्हणजे तीन हजारांची तक्रारही निरीक्षकाच्या टेबलावर जाणार, आणि त्या टेबलावर खून, चोरी, बंदोबस्त सगळं आधीच पडलेलं असतं. एकट्या ताईंचे तीन हजार लहान वाटतात. पण तोच मेल जिल्ह्यातल्या तीनशे जणांना गेला असेल तर ते नऊ लाख होतात. एकाच मेलच्या सगळ्या तक्रारी जिल्हा पातळीवर एकत्र करून एकच तपास करायची पद्धत राज्याने बसवावी. त्याला नवा कायदा लागत नाही.

दुसरं, सरकारी याद्या. कर्ज योजना असो, प्रशिक्षण असो, अनुदान असो, लाभार्थ्यांची यादी जाहीर व्हायलाच पाहिजे, ते पारदर्शकतेसाठी गरजेचं आहे. पण यादीत नाव आणि गाव पुरे. मोबाईल आणि मेल झाकून टाकावा. ज्याचं कर्ज आजच मंजूर झालंय त्याचा नंबर म्हणजे फसवणाऱ्यासाठी सोन्याची खाण. "मुद्रा कर्ज मंजूर झालं, प्रोसेसिंग फी भरा" अशी खोटी पत्रं फिरतात, याबद्दल केंद्राच्या पीआयबीने इशारे दिलेले आहेत. आपली यादी तरी अशा लोकांच्या हाती जाऊ नये.

तिसरं, यादी विकणारा. मेल पाठवणारा केंद्राच्या कक्षेत गेला तरी, राज्यात बसून दुसऱ्यांचे पत्ते किलोवर विकणं हा एक धंदाच आहे, आणि राज्यातला व्यापार हा राज्याचा विषय आहे. महाराष्ट्रात १९९५ पासून मालमत्ता विरूपण प्रतिबंधाचा कायदा आहे. दुसऱ्याच्या भिंतीवर त्याला न विचारता जाहिरात रंगवायची नाही, हे तत्त्व आपण तीस वर्षांपूर्वीच मान्य केलंय. माझा इनबॉक्स ही माझी भिंतच आहे. भिंतींची यादी करून "इथे रंगवा" म्हणून विकणाऱ्याला आधी धरा. मला यादी विकणारा आजही कोणालातरी तीच यादी विकत असेल. फुकटात सुटला तो.

"असा कायदा आला तर आमचं मार्केटिंगच बंद पडेल"

हा प्रश्न मला हमखास येतो, आणि तो खोटा नाही. नवा धंदा, जाहिरातीला पैसा नाही, मेल फुकट आहे. तेही बंद केलं तर आम्ही करायचं काय?

भीती कशाची आहे ते मला माहीत आहे. एसएमएसच्या नोंदणीचा अनुभव आपल्याला आहे. हजारोंची फी, कागदपत्रं, नमुना मंजूर होईपर्यंत थांबा. दिवाळीची ऑफर मंजूर होईपर्यंत तुळशीचं लग्न होऊन जातं! मोठ्या कंपनीला ती फी चहापाण्याची, आपल्याला ती महिन्याचं भाडं. म्हणून मेलसाठी परवाना, नोंदणी, फी यातलं काहीही नको. हे मी ठामपणे सांगतो. परवाना आला की दलाल आला.

पण परवाना नको म्हणजे नियमच नको, असं होत नाही. आज नियम नाही असं तुम्हाला वाटतं, पण नियम आहेच, फक्त तो गुगलने केलेला आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना ओळख सिद्ध करावी लागते, एका क्लिकवर बंद करायची सोय द्यावी लागते, आणि स्पॅमच्या तक्रारी हजारात तीनच्या खाली ठेवाव्या लागतात. नाहीतर मेल अडतो. त्या नियमाविरुद्ध तुम्ही दाद कुठे मागणार? माझं खातं अडकलं तेव्हा मला सांगणारा कोणी नव्हता की भाऊ, तुझं हे चुकलं. यंत्राने ठरवलं, संपलं. सरकारी नियम असला तर निदान नोटीस येते, बाजू मांडता येते.

आणि खरा मुद्दा वेगळाच आहे. स्पॅमने आपलंच मार्केट नासलंय. बाजार समितीत एकाने मिरचीच्या पोत्यात वर चांगली आणि खाली ओली मिरची भरली, की व्यापारी दुसऱ्या दिवशी सगळ्यांचीच पोती उपसतो. प्रामाणिक शेतकऱ्यालाही भाव कमी मिळतो. मेलचं तेच झालंय. खोट्यांच्या गर्दीत आपला खरा मेल उघडलाच जात नाही. टाटा-रिलायन्सचं नाव बघून लोक मेल उघडतील. "दोंडाईचा मसाले" हे नाव बघून उघडतील का? विश्वास उडाला की पहिला फटका ज्याचं नाव मोठं नाही त्याला बसतो. म्हणून म्हणतो, हा कायदा मोठ्यांपेक्षा आपल्याला जास्त हवा.

कायद्यात काय असावं? माझी पाच कलमं

एक. धंद्याच्या प्रत्येक मेलमध्ये खरं नाव, खरा पत्ता आणि चालू फोन नंबर असावा. आपण दुकानावर पाटी लावतो, तसंच.

दोन. ज्याने तुमच्याकडून माल घेतला किंवा स्वतः मेल दिला, त्याला पाठवायला मोकळीक असावी. अनोळखी माणसाला परवानगीशिवाय जाहिरात नको. धंद्यासाठी जाहीर केलेल्या पत्त्यावर त्या धंद्याशी संबंधित एक चौकशीचा मेल चालेल, पण उत्तर आलं नाही तर पुन्हा नाही.

तीन. "बंद करा" ही सोय मराठीत, ठळक आणि एका क्लिकवर असावी. सात दिवसांत मेल थांबले पाहिजेत.

चार. चुकलेल्या छोट्या धंद्याला पहिल्यांदा नोटीस, दुसऱ्यांदा उलाढालीच्या हिशोबाने दंड, तुरुंग नाही. सरकारचं किंवा बँकेचं सोंग घेणाऱ्याला मात्र पहिल्याच वेळी फौजदारी. यादी विकणाऱ्याला पाठवणाऱ्यापेक्षा मोठा दंड.

पाच. तक्रारीला एकच जागा. मेल पुढे पाठवला की झाली तक्रार, फॉर्म नको. १९०९ सारखंच, मेलसाठी.

यातलं दुसरं कलम काहींना कडक वाटेल. मी विचार करूनच लिहिलंय. कॅनडात २०१४ पासून आधी परवानगीचाच कायदा आहे, आणि तिथेही छोटे धंदे चालतात. "नको म्हटल्यावर थांबा" एवढंच ठेवलं तर नको म्हणायचं काम ताईंच्या गळ्यात पडतं. दिवसाला पन्नास जणांना नको म्हणत बसायचं की मसाला कुटायचा?

कायदा येईल तेव्हा येईल. आपण आजपासून काय करायचं?

विकतची यादी घेऊ नका. कोणी कितीही स्वस्त देऊ दे. त्यातला एकही माणूस तुम्हाला ओळखत नाही.

दुकानात एक वही ठेवा. ग्राहकाला विचारा, "ताई, नवीन माल आला की कळवू का? मेलवर की व्हॉट्सॲपवर?" हो म्हणाले तर नाव, तारीख आणि सही घ्या. वर्षात दोनशे नावं जमली तरी ती माझ्या दहा हजारांपेक्षा भारी आहेत. डेटा कायदा पूर्ण लागू होईल तेव्हा हीच वही तुमचा पुरावा आहे.

प्रत्येक मेलच्या शेवटी मराठीत एक ओळ लिहा: "हे मेल नको असतील तर 'नको' एवढंच उत्तर पाठवा." आणि 'नको' आलं की त्याच दिवशी नाव काढा. त्या माणसाचा राग करू नका. जो नको म्हणतो तो उद्या दुकानात येऊ शकतो. ज्याला आपण छळलं तो येत नाही.

सरकारचं नाव घेऊन पैसे मागणारा मेल आला तर बटण दाबू नका. उद्यमला फी नाही. शंका असेल तर धुळ्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारा, आपल्या सीएला विचारा, माझ्या दुकानात या. पैसे गेलेच तर लाजू नका. लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकी परत मिळण्याची आशा कमी.

आणि शेवटचं. आपल्या व्यापारी संघटनेत, बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढा. आमदार-खासदार उद्घाटनाला येतात तेव्हा आपण रस्ता आणि पाणी मागतो, मागायलाच पाहिजे. एकदा हेही मागा. खासदाराला सांगा, मेलचा कायदा करा. आमदाराला सांगा, सरकारी यादीतले आमचे नंबर झाका.

त्या ताई परवा पुन्हा आल्या होत्या. या वेळी पाव किलोचे पाऊच घेतले. मी विचारलं, "मेल बघता का आता?" म्हणाल्या, "नाही दादा. ज्याला ऑर्डर द्यायची तो फोन करेल." त्यांच्या मसाल्याची चौकशी पुण्याहून मेलवर येऊन पडली असेल, तर ती तशीच पडून राहणार. आपण मेलचा विश्वास परत मिळवला नाही, तर अशा कितीतरी ऑर्डरी न उघडताच जातील.